अपॉइंटमेंट मिळाली, लेटर नाही

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कर्जत किंवा बदलापूर लोकलने ज्यांनी आयुष्याची काही वर्षं काढली आहेत, त्यांना ती चिठ्ठी आठवत असेल. तळहाताएवढी, पिवळ्या किंवा गुलाबी कागदावर छापलेली, दाराजवळच्या पत्र्यावर खळीने चिकटवलेली. 'पार्टटाइम, फुलटाइम. अनुभवाची गरज नाही. शिक्षणाची अट नाही. महिना पाच ते पंधरा हजार. त्वरित भेटा.' खाली एक फोन नंबर. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, आणि गंमत म्हणजे काम काय ते कुठेच नाही. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत हीच चिठ्ठी जरा बरे कपडे घालून यायची. तिथे ती 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' किंवा 'मॅनेजमेंट ट्रेनी' व्हायची.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात त्या चिठ्ठीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. दारोदार जाऊन काहीतरी विकायचं. मला नेहमी एक प्रश्न पडायचा. दारावर माल विकणं ही आपल्याकडे कधीच लाजेची गोष्ट नव्हती. मग ते काम लपवून, त्याला नोकरीचा सदरा घालून जाहिरात करायची वेळ का आली? आणि केव्हा आली?

दारावरची विक्री ही फार जुनी गोष्ट. बांगड्या भरणारा कासार घरात येऊन बसायचा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दुपारी यायची, कल्हईवाला आळीच्या तोंडाशी भाता मांडायचा. ही माणसं आपापल्या धंद्याची मालक होती. माल त्यांचा, भाव त्यांचा, बुडालं तर नुकसानही त्यांचंच. त्यांना कोणी 'तुमची नोकरी कशी चालली आहे' असं विचारलं नाही.

उल्हासनगरने ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर पाहिली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावणीच्या बराकींत जागा मिळाली. सुमारे एक लाख माणसं. पाच कॅम्प. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीचं उल्हासनगर झालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना आधी कॅम्पचा नंबर सांगतो. मागे घरदार, दुकान, जमीन टाकून आलेल्या या लोकांपुढे नोकरीचा पर्याय जवळजवळ नव्हताच. बायकांनी बराकीत पापड लाटले, लोणची घातली. पुरुषांनी आणि पोरांनी ती पिशव्यांत भरून गाडीत, स्टेशनबाहेर, दारोदार विकली. मुंबईतल्या जुन्या दुकानदारांनी त्यावर बरीच कुरकुर केली, कारण हे लोक थोड्या नफ्यावर माल सोडायचे. पण या विक्रीत फसवणुकीचा भाग नव्हता. विकणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते पक्कं ठाऊक होतं.

फसवणुकीचा विनोद नंतर आला. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' असं लिहिलेलं असतं आणि विचारलं तर त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगतात, हा विनोद महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाने एकदा तरी ऐकला आहे. उल्हासनगरकरांना तो ऐकून ऐकून कंटाळा आला असेल. मी तो इथे आणतो त्याचं कारण वेगळं आहे. त्या लेबलात खोटं एकही अक्षर नाही, आणि तरीही वाचणाऱ्याच्या मनात जे उमटतं ते खरं नसतं. रेल्वेच्या डब्यातल्या त्या चिठ्ठीचंही हेच होतं. 'पाच ते पंधरा हजार' मिळू शकतात, हे खोटं म्हणता येत नाही. फक्त ते पगार म्हणून मिळतात असं चिठ्ठीत कुठेच लिहिलेलं नसतं. ते वाचणारा आपल्या मनाने लिहून घेतो.

तो ते का लिहून घेतो, हे समजायला उल्हासनगरच्या पुढे, अंबरनाथला उतरावं लागेल. लोक अंबरनाथला १०६० सालच्या शिवमंदिरासाठी येतात. इथल्या माणसाची दिनचर्या मात्र कारखान्याच्या भोंग्याने ठरवली. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, ही १९२३ साली स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा काडेपेट्यांचा कारखाना आला. त्या नावाचा नाका अजून आहे. १९५३ साली ऑर्डनन्स फॅक्टरी आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरला रसायनांचे, औषधांचे, इंजिनिअरिंगचे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी इथल्या घरांना एक शब्द शिकवला : अपॉइंटमेंट लेटर. तो कागद ट्रंकेत, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवला जायचा. मुलाचं लग्न त्या कागदावर ठरायचं. नोकरी म्हणजे महिन्याच्या ठराविक तारखेला पगार, फंड, ग्रॅच्युइटी आणि दिवाळीला बोनस, ही व्याख्या इथे दोन पिढ्यांत घट्ट बसली. म्हणून 'भरती सुरू आहे' हे शब्द वाचले की मागची सगळी व्याख्या आपोआप डोळ्यांपुढे येते. जाहिरात लिहिणाऱ्याचं भांडवल हेच.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. विम्कोच्या मागे स्वीडिश मॅच ही कंपनी होती, आणि स्वीडिश मॅचचा सर्वेसर्वा होता इव्हार क्रूगर. त्याला जग 'काडेपेटीचा राजा' म्हणायचं. या राजाने मार्च १९३२ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. मागाहून हिशेब तपासले तेव्हा असं दिसलं, की तो भागधारकांना जो भरघोस लाभांश देत होता, त्यातला बराचसा नव्या लोकांकडून गोळा केलेल्या भांडवलातून दिला जात होता. जुन्यांना द्यायला नवे आणायचे, या युक्तीचा एवढा मोठा उस्ताद आमच्या अंबरनाथच्या कारखान्याचा दूरचा धनी होता. कारखान्यातल्या काड्या मात्र खऱ्या होत्या, त्या ओढल्या की पेटायच्या.

आणि योगायोग असा, की घरोघरी जाऊन, वेळ ठरवून, प्रात्यक्षिक दाखवून यंत्र विकायची नवी पद्धतही आपल्याकडे स्वीडनशी भागीदारीतूनच रुजली. अमेरिकेत हा धंदा जुना. डेव्हिड मॅकॉनेल हा पुस्तकं विकणारा माणूस गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून अत्तराची बाटली देत असे. लोकांना पुस्तकापेक्षा अत्तरच आवडतं हे पाहून त्याने १८८६ साली जी कंपनी काढली, ती पुढे एव्हॉन झाली. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने व्हॅक्यूम क्लीनर दुकानात न ठेवता गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात नेला. १९८२ साली याच इलेक्ट्रोलक्सबरोबर भागीदारीत भारतात युरेका फोर्ब्ज सुरू झाली. टाय लावलेला तरुण, हातात यंत्राची पेटी, दार उघडताच नमस्कार आणि मग तुमच्याच गादीतून काढलेली धूळ तुम्हालाच दाखवणं, हे दृश्य शहरी मध्यमवर्गाला त्यानंतर ओळखीचं झालं. पुढे तीच पेटी पाणी शुद्ध करायला लागली.

१९८२ हे साल दुसऱ्या कारणासाठीही लक्षात ठेवावं लागतं. त्याच वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले पुष्कळजण पुन्हा आत गेलेच नाहीत. कल्याणच्या पुढे स्वस्त घरं होती, तिकडे यातली बरीच कुटुंबं सरकली. एकीकडे पगाराच्या नोकऱ्यांचा दरवाजा बंद होत होता आणि दुसरीकडे पगाराशिवायच्या 'नोकऱ्यां'च्या जाहिराती सुरू होत होत्या. एकामुळे दुसरं झालं असं सरळ म्हणता येणार नाही. पण ज्याच्या घरात लेटर होतं आणि आता नाही, तो अशा जाहिरातीचा पहिला वाचक असणार हे उघड आहे.

मीही त्यातलाच एक वाचक होतो. १९८८ साली बी.कॉम. झालो आणि एका जाहिरातीवरून जवळच्याच एका स्टेशनसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेलो. त्या पेढीचं नाव सांगत नाही. जाहिरातीत 'शैक्षणिक क्षेत्रातील आघाडीच्या संस्थेत अधिकारी पदे' असं होतं. खोलीत आम्ही तीसेक मुलं-मुली होतो आणि तिसाच्या तिसांची निवड झाली. तेव्हाच संशय यायला हवा होता. उलट मला वाटलं, आपला इंटरव्ह्यू फार छान झाला. काम असं होतं, की मुलांसाठीच्या इंग्रजी ज्ञानकोशाचे संच हप्त्याने विकायचे. नमुन्याच्या बॅगेसाठी अडीचशे रुपये अनामत. पगार नाही, दर संचामागे कमिशन. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक कोरी वही देऊन सांगितलं, ओळखीच्या पन्नास माणसांची नावं लिहा.

अपॉइंटमेंट घेतल्याशिवाय जायचं नाही, हा नियम होता. आज हे वाक्य साधं वाटतं. तेव्हा बदलापुरात फोन कोणाकडे होते? अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. म्हणजे अपॉइंटमेंट घ्यायला एकदा जायचं, आणि अपॉइंटमेंटला पुन्हा जायचं. दोन्ही वेळचं तिकीट आपलं. वहीत पहिलं नाव मी मामांचं लिहिलं. मामा बदलापूरला, फॅक्टरीत नोकरीला. रविवारी सकाळी मी टाय बांधून त्यांच्याकडे गेलो. तो टाय शेजारच्या काकूंच्या मुलाचा होता. मामांनी सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मामा म्हणाले, "सही कुठे करायची ते सांग." त्यांची दोन्ही मुलं मराठी शाळेत होती. तो संच त्यांनी कधी उघडला नाही. हप्ते मात्र अकरा महिने फेडले. मामींनी याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

मी एकूण चार संच विकले. एक मामांना, एक त्या काकूंना, एक मित्राच्या मोठ्या भावाला आणि एक माझ्या शाळेतल्या सरांना. वहीतली नावं संपली आणि माझा उपयोगही संपला. मला कोणी काढलं नाही, कारण मला कोणी ठेवलंच नव्हतं. अनामत परत मागायला गेलो तेव्हा खोलीत नवे तीसजण बसले होते, आणि प्रत्येकाच्या हातात कोरी वही होती. पेढीला माझे कष्ट नको होते, मला विक्रीची कला येते की नाही याच्याशीही तिला कर्तव्य नव्हतं. तिला माझे मामा हवे होते. अनोळखी विक्रेत्याला मामांनी दारातूनच परत पाठवलं असतं. भाच्याला पाठवता येत नाही.

याच दिवसांत उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका बराकीत गेलो होतो. म्हातारी सिंधी बाई होती, पन्नास साली स्वतः पापड विकत फिरलेली. तिने पाणी दिलं, बॅग पाहिली आणि विचारलं, "बेटा, माल तेरा है कि सेठ का?" म्हटलं, सेठचा. "पगार देता है?" म्हटलं, नाही, कमिशन. "टिकट का पैसा?" तेही माझंच. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "तो फिर सेठ क्या करता है?" मला त्या वेळी याचं उत्तर देता आलं नाही.

कायद्याच्या पुस्तकांत ते उत्तर शोधायला गेलं तर मोठी मौज दिसते. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या खासगी आस्थापनेवर रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवण्याची सक्ती केली. पण ज्याच्याकडे कागदोपत्री नोकरच नाहीत, त्याने काय कळवायचं? १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी खास कायदा झाला. तो सुरुवातीला औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी होता, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हसाठी. त्यात एक सुंदर कलम होतं : अशा कर्मचाऱ्याला मालकाने नियुक्तिपत्र दिलंच पाहिजे. म्हणजे तेच अपॉइंटमेंट लेटर. संसदेला ते कायद्यात लिहावं लागलं, यावरूनच ते किती जणांना मिळत नव्हतं हे कळतं. पुढे १९९४ मध्ये सॅन्डोज कंपनीच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विक्री वाढवण्याचं काम हे औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. अंगमेहनतीचं नाही, कारकुनी नाही, तांत्रिकही नाही. दिवसभर दहा जिने चढून उतरणाऱ्या माणसाला 'अंगमेहनत नाही' हे वाचून काय वाटत असेल ते सोडून द्या. खास कायद्याच्या छत्रीबाहेर जो उभा होता, त्याच्या डोक्यावर काहीच राहिलं नाही.

दुसऱ्या बाजूला १९७८ चा कायदा आहे, बक्षीस चिठ्ठ्या आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा. झटपट पैसा, किंवा नवे सभासद आणण्यावर अवलंबून असलेला पैसा, याच्यावर त्याचा रोख. नव्वदच्या दशकात साखळी पद्धतीच्या कंपन्या आल्या. तेव्हा जाहिरातीतला 'ट्रेनी' जाऊन 'बिझनेस पार्टनर' आला आणि पन्नास नावांच्या वहीच्या जागी 'डाऊनलाइन' आली. २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अ‍ॅमवेच्या योजनेला हा १९७८ चा कायदा लागू होतो असं म्हटलं. आपण वस्तू विकतो, माणसं नव्हे, असं कंपनीचं म्हणणं होतं. मी त्या वादात शिरत नाही. मी फक्त गणित करून पाहिलं. एकाने सहाजण आणायचे, त्या प्रत्येकाने सहा. सातव्या पायरीवर २,७९,९३६ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत सगळं अंबरनाथ, तान्ह्या मुलांसकट, अडीच लाखांच्या आसपास आहे. म्हणजे सातव्या पायरीला अंबरनाथ संपून माणसं कमी पडतात. आणि मग विकायचं कोणाला?

बदलापूरला, असं त्याचं उत्तर होतं. २००१ ला सुमारे ९८ हजारांचं हे गाव दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. नव्या इमारती, नवे फ्लॅट, रिकाम्या भिंती आणि नळाला येणाऱ्या पाण्याविषयी शंका. विक्रेत्याला याहून चांगलं गाव कुठे मिळणार? आणि त्याच इमारतींत जाहिरातीला भुलणारी मुलंही राहत होती. मग प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर ती पाटी आली : 'फेरीवाले व सेल्समन यांना सक्त मनाई.' मी अशा एका इमारतीत राहतो. आमच्याच विंगमधल्या दोन मुलांनी गावातल्या दुसऱ्या सोसायट्यांच्या फाटकांवर ही पाटी वाचत नोकरीची पहिली वर्षं काढली. संध्याकाळी घरी येताना तीच पाटी आपल्या फाटकावर पुन्हा वाचायची.

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने थेट विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रवेश फी नको, प्रात्यक्षिकाच्या साहित्याचे पैसे विक्रेत्याकडून घ्यायचे नाहीत, असं त्यांत आहे. ते वाचताना मला माझे अडीचशे रुपये आठवले. मग २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियमच आले. पिरॅमिड योजनांना बंदी झाली. आणि विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा परवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, हेही आलं. म्हणजे अपॉइंटमेंट आता नियमात आली. नियम चांगला आहे. पण तो दाराच्या आतल्या माणसासाठी आहे. फसव्या जाहिरातींविरुद्ध ग्राहक कायदा वस्तू आणि सेवेबद्दल बोलतो. नोकरी मागणारा मुलगा ना वस्तू घेतो ना सेवा, तो स्वतःलाच देऊ करत असतो. वर्तमानपत्रं छोट्या जाहिरातींच्या पानाखाली बारीक टाइपात छापतात, की वाचकांनी स्वतः खातरजमा करून घ्यावी. ती करायला गेलेला मुलगाच तर त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसलेला असतो. आता चिठ्ठी डब्यातून मोबाइलमध्ये आली आहे, एवढाच फरक.

गेल्या वर्षी पावसाळ्यात असाच एक मुलगा आमच्याकडे आला. फोन करून, वेळ ठरवून, ठरल्या वेळेला. माझा नंबर त्याला आमच्या पुतण्याने दिला होता. वीस-एकवीस वर्षांचा असेल, बूट भिजलेले. ते त्याने बाहेर काढून ठेवले आणि मोजे ओले म्हणून तेही काढले. प्रात्यक्षिक चांगलं दिलं, माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं. मी त्याला पगार विचारला नाही, ओळखपत्र मागितलं. त्याने ते लगेच गळ्यातून काढून दिलं. त्यावर फोटो होता, नाव होतं, कंपनीचा शिक्का होता. मी चष्मा लावून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली : 'कार्डधारक हा कंपनीचा कर्मचारी नाही.'

"हे वाचलंस का?" मी विचारलं.

"हो काका," तो म्हणाला, "सगळ्यांच्याच कार्डावर असतं."

चहा घेऊन निघताना त्याने पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. त्यावर ओळखीच्या दहा माणसांची नावं आणि नंबर लिहायच्या ओळी होत्या. "काका, दोनच द्या," तो म्हणाला. मी दिले नाहीत. तो गेल्यावर बायको म्हणाली, छत्री तरी द्यायची होतीस.